भरतपूर: म्हशी बाहेर काढल्या आणि गवत माजलं

रानजाई

जानेवारीत भरतपूरला तीन दिवस काढून आले. हा फोटोंचा धागा नाही, आधीच सांगते. माझे फोटो धड येत नाहीत, आणि भरतपूरच्या सारसांचे फोटो जगात काही कमी पडलेले नाहीत. मला बोलायचंय ते गवताबद्दल.

पहिल्या सकाळी धुकं इतकं की रिक्षाचं पुढचं चाक दिसेना. आमचे सायकलरिक्षावाले पासष्टीचे सरदारजी होते. गळ्यात जुनी दुर्बीण, पक्ष्यांची इंग्रजी नावं तोंडपाठ. नऊच्या सुमाराला धुकं विरलं तेव्हा ते एका वळणावर थांबले. मला वाटलं काहीतरी दिसलं असणार. पाहते तर पलीकडच्या बाभळींपर्यंत नुसतं हिरवंगार कुरण. म्हटलं, इथे काय? त्यांनी रिक्षातली काठी काढली, बांधाच्या कडेला उकिडवे बसले आणि काठी त्या कुरणात खुपसली. ती हातभर आत गेली आणि खालून चुबुक असा आवाज आला. तळंच होतं ते, वरून गवताने शिवून टाकलेलं.

"हमारी जवानी में यहाँ भैंसें बैठती थीं," ते म्हणाले. "तब पानी दिखता था।"

हे वाक्य डोक्यातून जाईना म्हणून घरी आल्यावर वाचत बसले. ज्यांना ही गोष्ट माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून दिले तरी चालेल.

घना (तिकडचे लोक केवलादेव उद्यानाला हेच म्हणतात) हा मुळात माणसाच्या हातचा आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचं पाणी साचायचं असा तो खोलगट भाग. अठराव्या शतकात महाराजा सूरजमलने अजान बांध घातला. पुढच्या संस्थानिकांनी आतमध्ये छोटे बांध, पाट, दारं करून पाणी खेळवलं ते बदकांच्या शिकारीसाठी. केवलादेवाच्या देवळाजवळ त्या शिकारींचा शिलालेख आहे. तारीख, निमित्त, बंदुका किती, पक्षी किती, असे रकाने पाडून. वाण्याच्या खतावणीसारखा. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले होते, त्या ओळीत आकडा आहे ४,२७३. एका दिवसाचा. मी तो दोनदा वाचला.

आणि या सगळ्या काळात भोवतालच्या गावांची गुरं, विशेषतः म्हशी, आत चरत होत्या. १९८१ मध्ये घना रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला (भारतातली पहिली दोन ठिकाणं, हे आणि चिल्का), त्याच सुमाराला राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात चराई पूर्ण बंद झाली. गावकरी भिंतीपाशी जमले, गोळीबार झाला, माणसं मेली. सलीम अलींचाही बंदीला पाठिंबा होता, ते तर आयुष्यभर त्या पक्ष्यांसाठी झटले होते. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला दहा वर्षांचा अभ्यास १९८० सालीच सुरू झाला होता. त्यामुळे बंदीच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही नोंदलं गेलं. निष्कर्ष निघाला तो असा की म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं पाणगवत बेफाम वाढलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला.

माझा प्रश्न साधा आहे. ओल्या कुरणाला कुंपण घालून "संरक्षित" म्हटलं की आपण नेमकं काय राखतो? पाणी? गवत? पक्षी? की फक्त कुंपण?

जाणकारांनी लिहा. चुकत असेन तर दुरुस्त करा.


कातळशिल्प

वाखुसा (वाचनखूण साठवली). निवांत वाचतो. तो खतावणीचा आकडा वाचून पोटात कालवलं.


सडेतोड

धागा चांगला आहे पण वळण धोक्याचं आहे ताई. आज "म्हशी बऱ्या होत्या" म्हणायचं, उद्या शेळ्या येतात, परवा लाकूडतोड, तेरवा कुणाचं तरी देऊळ आणि रस्ता. उण्यापुऱ्या २९ चौरस किलोमीटरचं उद्यान, त्यात हजारो जनावरं सोडायची? भरतपूरच्या भिंतीबाहेर एकदा फिरून या, मग कळेल आत काय राखलंय. बाहेर एवढ्या पाण्यावर एवढे पक्षी मला तरी दिसले नाहीत. सलीम अली काही वेडे नव्हते. त्यांनी ठिकठिकाणी चरून चरून उजाड झालेली माळरानं पाहिली होती.


गवत्या

सडेतोड, सलीम अली वेडे नव्हते हे शंभर टक्के मान्य. पण माळरान आणि दलदल यांत फरक आहे आणि तो फरकच या गोष्टीचा गाभा आहे. मी गवतावरच काम करतो (पोटासाठी), म्हणून जरा लांबण लावतो.

पास्पालम डिस्टिकम हे पसरणारं गवत. काडी जमिनीला समांतर धावते, पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात. कोरड्या मातीत ते हरळीच्या जातीचं वागतं, पाणी चढलं की काड्या पाण्याबरोबर वर येतात आणि एकमेकींत गुंततात. तयार होते ती सतरंजी. रानजाईंच्या सरदारजींनी काठी खुपसली ती त्यातच. या सतरंजीवर पाणकोंबडी आणि कमळपक्षी आरामात चालतात, त्यांची चैन असते. बदकाला मात्र उतरायला आणि उडायला उघडं पाणी लागतं. बुडी मारणाऱ्या बदकांचं, वारकरी पक्ष्यांचं, पाणकावळ्यांचं तर सगळं जगणंच त्यावर. शिवाय हिवाळा सरता सरता हे गवत पाण्यात कुजतं, कुजताना प्राणवायू खातं आणि मासे गुदमरतात. मासे नाहीत तर बगळे नाहीत.

आता म्हैस. गाय काठावर उभी राहून मान खाली घालते. म्हैस आत जाते. पोटापर्यंत पाण्यात उभी राहून गवत मुळासकट ओढते, मग तिथेच बसते, लोळते, चिखल ढवळते. ती बसते तिथे घमेल्यासारखा खळगा पडतो. शेण पडतं, त्यावर किडे, किड्यांवर मासे नि पक्षी. गायबगळे तिच्या पाठीवरून फिरतात ते उगीच नाही.

बंदीनंतर यावर उपाय म्हणून गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी दिली गेली, यंत्रंही लावली गेली. पण विळा पाण्याच्या वर चालतो. खालची काडी आणि मुळं तशीच राहतात आणि कापल्यावर जोमाने फुटतात. हरळी उपटायला बसलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आणि हो, किती म्हशी, कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात, हे ठरवावं लागतं. मोकाट सोडा असं त्या अभ्यासातही कुणी म्हटलेलं नाही. पण "शून्य" हाही एक आकडाच असतो आणि तो निवडताना कुणी हिशेब मांडला नव्हता.


ऊद

गवत्या, जबरदस्त प्रतिसाद. एक शंका. सायबेरियन क्रौंच यामुळेच गेले का? लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात भरतपूर म्हणजे सायबेरियन क्रौंच असंच होतं.


पाणकावळा

@ऊद, सरळ हो म्हणता येत नाही. भरतपूरला १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे २०० क्रौंच होते. नंतर उतरती कळा लागली, ती चराईबंदीच्या खूप आधीपासून. शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसली, मग कुणीच नाही. हे पक्षी सायबेरियातून अफगाणिस्तान, पाकिस्तान मार्गे यायचे. त्या वाटेवरची शिकार हे मोठं कारण मानलं जातं, त्यात अफगाणिस्तानात १९७९ नंतर काय झालं ते आपल्याला माहीतच आहे.

पण गवताचा धागा तिथेही लागतो. हा क्रौंच उथळ पाण्यातल्या चिखलात चोच खुपसून लव्हाळ्याचे कंद उकरून खायचा. घट्ट सतरंजीखालचे कंद काढणं अवघड जाणार, हे तर्काला धरून आहे. म्हणजे वाटेत बंदुका आणि मुक्कामाला ताट झाकलेलं. दोन्हींत कुणाचा वाटा किती हे आज कुणी छातीठोक सांगू शकेल असं मला वाटत नाही.

पूर्वेकडचे क्रौंच अजून हजारोंनी आहेत, ते चीनमधल्या पोयांग सरोवराकडे जातात. पश्चिमेकडे इराणमध्ये मात्र अनेक हिवाळे एकच नर यायचा. तिथल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं ओमिद, म्हणजे आशा.


कातळशिल्प

ओमिद. काय नाव ठेवलंय.


निफाडकर

आमच्या नांदूरमध्यमेश्वरला लोक "महाराष्ट्राचं भरतपूर" म्हणतात, तेव्हा दोन शब्द माझेही.

आमच्याकडेही सगळं माणसाचंच. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे ब्रिटिशांच्या काळात दगडी बंधारा झाला. हेतू शेतीचं पाणी. मागे गाळ साठत गेला, गाळावर बेटं झाली, बेटांवर लव्हाळं, पाणकणीस नि गवत आलं, मग पक्षी आले. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत रामसर जाहीर झालं, राज्यातलं पहिलं. म्हणजे इंजिनियरच्या लेखी जो तोटा, धरण गाळाने भरलं, तोच आमचा फायदा. गाळ काढा म्हणून ओरडणारे आणि काढू नका म्हणून ओरडणारे एकाच चहाच्या टपरीवर बसतात.

चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी सातला पाहा. जांभळ्या पाणकोंबड्या शेकड्यांनी असतात. एकीला मी अर्धा तास पाहत होतो. लव्हाळ्याचा कोंब चोचीने उपटायचा, मग एका पायाच्या बोटांत आपण ऊस धरतो तसा धरायचा आणि खालचा पांढरा गाभा तेवढा सोलून खायचा. हिरवा शेंडा टाकून दिला. खाणारं जनावर नसेल तर ही पाणकोंबडी एकटी किती खाणार?

आणि आमच्याकडे गवतापेक्षा मोठा मालक म्हणजे आवर्तन. कालव्याला पाणी सोडलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, चिखलातले छोटे पक्षी खूष. वरच्या धरणांतून पाणी आलं की परत तुडुंब, ते पक्षी गायब. पक्षीमित्र येतात आणि "पक्षी नाहीत" म्हणून आम्हालाच बोलतात.


धारानृत्य

सगळे गवत-गवत काय करताय? पाण्याचं बोला की. निफाडकरांनी शेवटी एकदाचा विषय काढला.

भरतपूरला वर्षाला साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं असं मानतात. ते गंभीर नदीतून अजान बांधात आणि तिथून घन्यात यायचं. वरच्या अंगाला करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि २००४ च्या आसपास खाली पाणी सोडण्यावरून मोठा तंटा झाला. वरच्या शेतकऱ्यांना पाणी हवं, त्यांचं काय चुकलं? पण घना कोरडा पडला. पुढची काही वर्षं अशी गेली की तळ्यात गुरं बसायला सोडा, चिमणी आंघोळ करेल एवढं पाणी नव्हतं. नंतर गोवर्धन नाल्याचं पाणी आणलं, चंबळच्या जलवाहिनीतून थोडं आणलं, तेव्हा गाडी जरा रुळावर आली.

यात एक बारीक गोष्ट आहे जी पाण्याच्या हिशेबात धरली जात नाही. नदीच्या पुराबरोबर माशांची अगणित पिल्लं यायची. जुलै-ऑगस्टमध्ये ती आत शिरायची, आणि नेमकी तेव्हाच चित्रबलाकांची घरटी बाभळींवर सुरू व्हायची. पिल्लं मोठी होतात तेव्हा मासेही बोटाएवढे झालेले असतात. नळाच्या पाण्यात हे येत नाही. घनफूट तेवढेच, पण ताट रिकामं.


गवत्या

धारानृत्य, मान्य. गवत आणि पाणी वेगळे विषय नाहीतच, एवढंच म्हणेन. पाणी उशिरा आणि उथळ आलं की पास्पालमचं आणखी फावतं.


सडेतोड

वाचतोय सगळं. गवत्यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या पटतो. पण व्यवहार? उद्या वनखात्याने पाचशे म्हशींचे परवाने काढले तर ते कुणाला मिळतील? गरीब गुराख्याला की ज्याचा भाऊ पंचायतीत आहे त्याला? आणि पाचशेच्या सातशे कधी होतील ते कळणारही नाही. बंदीचा एक फायदा असतो, ती मोजायला लागत नाही.


[प्रकाटाआ]


संपादक

व्यक्तिगत शेरेबाजी असलेला एक प्रतिसाद आणि त्यावरची दोन उत्तरं काढली आहेत. कृपया धाग्याच्या विषयावर राहा.


उत्तरेचा वारा

नेदरलँड्समधून लिहितोय. सडेतोड, इकडे मोजतात, आणि मोजूनही हाल आहेत.

इकडची ओली कुरणं म्हणजे गाईंची कुरणं. त्यांत गॉडविट नावाचा लांब सरळ चोचीचा पक्षी घरटं करतो, डच लोक त्याला ग्रुत्तो म्हणतात कारण तो तसंच ओरडतो. २०१५ मध्ये लोकांनी मतं देऊन त्याला राष्ट्रीय पक्षी केलं. (त्याची भावकी हिवाळ्यात आपल्याकडे येते, नांदूरलाही पाहिली असेल.) त्याला ना रान लागतं ना मोकळी तळी. त्याला लागतं चरलेलं, ओलसर, फुलांचं, किड्यांनी भरलेलं कुरण. गाई काढून टाकल्या तर उंच बोरू आणि झुडपं येतात आणि तो निघून जातो. पण आता शेतकरी जमीन कोरडी करून एकाच जातीचं दाट गवत लावतात आणि मेमध्येच यंत्राने कापतात. पिल्लू असतं लिंबाएवढं. धोका वाटला की ते पळत नाही, जमिनीशी दबून बसतं. पुढचं लिहीत नाही.

म्हणून काही शेतकऱ्यांना जूनच्या मध्यापर्यंत कापणी थांबवण्याचे पैसे मिळतात. आमच्या शेजारचे एक आजोबा घेतात. घरट्याच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या काड्या रोवून ठेवतात आणि ट्रॅक्टर वळवून नेतात. एवढं करून पक्षी घटतायत ते घटतायतच, कारण असे आजोबा थोडे आणि ट्रॅक्टर फार.


सडेतोड

उत्तरेचा वारा, हे आवडलं. पण फरक बघा. तुमच्या आजोबांना न कापण्याचे पैसे. भरतपूरच्या माणसाला न चारण्याबद्दल काय मिळालं? १९८२ साली गोळी. मी बंदीच्या बाजूने बोलत होतो आणि अजूनही अर्धा आहे, पण हे तुमच्या प्रतिसादामुळे डोक्यात आलं आणि आता जाईना.


रानजाई

सडेतोड, तुम्ही अर्धे इकडे आलात तर मीही अर्धी तिकडे येते. परवान्यांचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही.

एक उदाहरण मात्र भरतपूरचंच आहे. आतमध्ये वेडी बाभूळ फार माजली होती. २००७ नंतर भोवतालच्या गावांच्या समित्यांना ती मुळासकट काढायची मुभा मिळाली, अट अशी की मूळ खणून काढायचं आणि लाकूड तुम्ही न्यायचं. बायका जळण घेऊन गेल्या, खाली जमीन मोकळी झाली आणि गवत आलं. म्हणजे "आत या, पण हे काम करा" असं सांगता येतं. इथे काम असं होतं की एकदा मूळ निघालं की संपलं. म्हशीचं काम दरवर्षीचं, तिथे अडतं.


शेवंतीचं फूल

मी फारशी लिहीत नाही इथे, पण राहवलं नाही. आमचे हे नोकरीनिमित्त मणिपुरात होते तेव्हा आम्ही केइबुल लामजाओला गेलो होतो. लोकटाक सरोवराच्या कडेला असलेलं तरंगतं कुरण! ४० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातला मोठा भाग पाण्यावर तरंगतो. तिथे त्याला फुमदी म्हणतात. कुजलेलं गवत, मुळं, माती यांचा थर, वर हिरवं गवत. बर्फासारखंच, थोडं वर आणि बरंचसं पाण्याखाली. मी नावेतून एक पाय ठेवून पाहिला. ओल्या गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं, पाय दाबला की चार हात पलीकडचं गवतही हलतं. ह्यांनी ओरडून परत बसवलं.

त्या गवतात संगाई हरीण राहतं. जगात रानटी अवस्थेत फक्त तिथेच. नराचं शिंग कपाळापासून पुढे भुवईसारखं वळतं. १९५१ मध्ये संपलं असं जाहीर झालं होतं, मग दोनच वर्षांनी सापडलं. १९७५ च्या मोजणीत १४ भरली होती. १९७७ ला राष्ट्रीय उद्यान झालं, २०१६ च्या मोजणीत २६० झाली. म्हणजे बंदीचा उपयोग झालाच की, सडेतोडदादा.

पण तिकडचं दुखणं मला तिथल्या नावाड्याने समजावलं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरायचं, फुमदी तळाला टेकायची आणि गवताची मुळं मातीतून खाऊन घ्यायची. पावसाळ्यात पुन्हा वर. १९८३ मध्ये इथाईचं बराज झालं, वीजप्रकल्पासाठी पाणी बारा महिने उंच ठेवलं जाऊ लागलं. आता फुमदी तळाला टेकतच नाही. उपाशी राहून पातळ होत चाललीय आणि हरणाचं वजन पेलत नाही. तिथे ना म्हशींचा प्रश्न ना कुंपणाचा. पाण्याने उतरायला हवं, ते उतरत नाही.


गवत्या

शेवंतीताई, फारशी लिहीत नाही म्हणता आणि धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद लिहून जाता! लोकटाक आणि केवलादेव ही दोन्ही रामसरच्या मॉन्ट्रो नोंदवहीत आहेत, म्हणजे "प्रकृती बिघडलेली" या यादीत. केवलादेव १९९० पासून, लोकटाक १९९३ पासून. चिल्काही होतं, ते २००२ मध्ये बाहेर पडलं, समुद्राकडचं नवं तोंड उघडून खाऱ्या पाण्याची ये-जा सुरू केल्यावर. तिथेही काही बंद करून भागलं नव्हतं, उघडावं लागलं होतं.


ऊद

अवांतर: भरतपूरला जायचं तर कधी? दोन दिवस पुरतात का?


पाणकावळा

घरटी पाहायची असतील तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, पाऊस कसा झाला ते विचारून. परदेशी बदकं, पट्टकादंब वगैरे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत धुकं गृहीत धरा, सकाळी नऊपर्यंत काही दिसत नाही तरी लवकर जाच, कोल्हे रस्त्यावरच भेटतात. ऊन चढलं की अजगर बिळाबाहेर येऊन पडतात. दोन दिवस पुरतात, तीन बरे. एक दिवस पायी फिरा.


गवत्या

रानजाई, एक विचारायचं राहिलं. गवतात कुठे मोकळ्या वाटा दिसल्या का? नीलगाई पाण्यात उतरताना मी पाहिल्यात तिथे.


रानजाई

दिसली की! लिहायचंच विसरले. तिसऱ्या दिवशी, देवळाच्या अलीकडे. आधी नुसती दोन शिंगं आणि कान दिसले, गवतावर ठेवल्यासारखे. मग नर पुढे सरकला. पोटापर्यंत पाण्यात होता, तोंडातून गवताच्या लांब काड्या लोंबत होत्या, चावताना गळणारं पाणी ऐकू येत होतं. तो गेला त्याच्या मागे त्याच्याच रुंदीची पाण्याची पट्टी उघडी राहिली, काळी, आरशासारखी. पाच मिनिटांत तिच्यात दोन वारकरी येऊन पोहायला लागले. एक गायबगळा काठावर उभा, मान वाकडी करून. सरदारजी काही बोलले नाहीत, फक्त काठीने तिकडे दाखवलं. मी घड्याळ लावून पाहत बसले होते. वीसेक मिनिटांनी गवत दोन्हीकडून कललं आणि पट्टी अर्धी राहिली.


निफाडकर

म्हशीचा धंदा नीलगाईने धरला म्हणायचा. पण एकटी किती रेटणार.

रानजाईताई, नांदूरला येणार असाल तर आदल्या दिवशी इथेच कळवा. आवर्तन सुटलंय का बघून सांगतो, नाहीतर तुम्हीही आम्हालाच बोलाल.